तीनचाकी गल्लीत, माणूस पायरीवर

कृष्णाकाठच्या एका गावात आमचा एक जुना कार्यकर्ता राहतो. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेले. नामांतराच्या लढ्यात पोरांच्या खांद्यावर बसून मोर्चात जायचा आणि घोषणा द्यायला सगळ्यांत पुढे असायचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा त्याच्या वस्तीत कमरेएवढे पाणी होते. शेजारच्या दोन पोरांनी त्याला पाठीवर घेऊन बाहेर काढले. मातीचे घर बसले. पुढे घरकुल मंजूर झाले. पुन्हा पाणी आले तर घरात शिरू नये म्हणून गवंड्याने जोते तीन फूट उंच घेतले. गवंड्याचे काही चुकले नाही. मग एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला साहित्य वाटपाचे शिबिर झाले आणि त्यात आमच्या कार्यकर्त्याला तीनचाकी सायकल मिळाली. हार, नारळ, फोटो, सगळे झाले.

ती सायकल आज गल्लीत प्लास्टिकचा कागद पांघरून उभी आहे. कारण ती तीन फूट वर चढत नाही. आमचा कार्यकर्ता रोज सकाळी हाताच्या तळव्यांवर भार देत एकेक पायरी उतरतो, सायकलवर चढतो, आणि संध्याकाळी तसाच पायरी-पायरीने वर जातो. वय साठीकडे झुकले आहे. घर सरकारने दिले, सायकल पुढाऱ्याने दिली, दोन्हींच्या मध्ये ज्या पाच पायऱ्या राहिल्या त्या कोणाच्याच खात्यात बसत नाहीत.

वाचकहो, आम्ही आज लिहितो आहोत ते या पाच पायऱ्यांविषयी. अपंगांचे प्रश्न आले की आपले आमदार-खासदार सायकल वाटतात, कुबड्या वाटतात, श्रवणयंत्रे वाटतात. वाटू द्या, त्याला आमचा विरोध नाही. पण लोकप्रतिनिधी कायदे करण्यासाठी आणि कायद्याचा हिशेब विचारण्यासाठी निवडून दिलेला असतो. सायकल तर एखादा सावकारही वाटील.

हा प्रश्न आपल्या चळवळीचा कसा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर साताऱ्यातच आहे. भीमरावांचे बालपण साताऱ्यात गेले, आई भीमाबाई तिथेच वारल्या, ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्या काळात सुभेदार रामजी खटाव तालुक्यातील गोरेगावला खजिनदार म्हणून नोकरीला होते. कशासाठी? तर दुष्काळात उपाशी मरणाऱ्या लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलावाच्या खोदाईचे काम काढले होते. म्हणजे आजच्या भाषेत ती सामाजिक सुरक्षेची योजनाच. सुट्टीत वडिलांकडे निघालेली ही मुले मसूरच्या स्टेशनवर उतरली. घ्यायला कोणी आले नव्हते, कारण आधी पाठवलेले पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. महाराची मुले म्हणून गाडीवान मिळेना. मिळाला तो दुप्पट भाडे घेऊन, आणि मुलांनी गाडी स्वतः हाकायची या बोलीवर. रात्रभर पोटात अन्न नाही, कारण जवळ डबा असून पाणी देणारे कोणी नाही. बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढे स्वतः लिहून ठेवला आहे.

आम्ही हा प्रसंग जातीच्या विटाळाचा म्हणून नेहमी सांगतो, आणि तो तसा आहेच. पण त्याच्याकडे आणखी एका बाजूने पाहावे. गोरेगावला सरकारचे मदतकार्य चालू होते. खजिना होता, खजिनदारही होता. पण मसूरपासून तिथपर्यंतचा रस्ता या मुलांसाठी बंद होता, आणि चिठ्ठी योग्य माणसापर्यंत पोहोचलेली नव्हती. योजना आहे पण तिथपर्यंतचा रस्ता नाही, ही स्थिती सव्वाशे वर्षांनंतर खटावच्या, माणच्या, जतच्या अपंगाची तशीच आहे. जतसारख्या तालुक्यातून जिल्ह्याच्या रुग्णालयात प्रमाणपत्रासाठी यायचे म्हणजे ऐंशी-नव्वद किलोमीटर एसटीत बसायचे, सोबत धरायला घरातला एक माणूस घ्यायचा, म्हणजे दोघांची मजुरी बुडवायची. आणि तिथे गेल्यावर आज डॉक्टर नाहीत, पुढच्या बुधवारी या, असे ऐकून परत यायचे. आता युडीआयडी कार्ड ऑनलाइन झाले. पण ऑनलाइन भरलेला अर्ज शेवटी तपासणीला माणसालाच घेऊन जातो. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या, बोटे झिजलेल्या माणसाकडे यंत्र पहिल्यांदा अंगठाच मागते. मिरजेत कुष्ठरुग्णांवर उपचार करण्याची परंपरा जुनी आहे, तिथल्या लोकांना आम्ही काय सांगतो ते लगेच कळेल.

त्या गाडीतल्या मुलाने पुढे विधिमंडळात काय केले, ते आजच्या आमदारांनी वाचावे. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले, आणि हा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे असे त्यांनी सांगितले. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकरांचा अहवाल १९४४ साली त्यांच्याच कारकिर्दीत आला. 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या १९४७ च्या निवेदनात विमा हा सरकारच्या मालकीचा असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाचा विमा सक्तीने उतरवला जावा, अशी त्यांची मांडणी होती. माणूस आजारी पडतो, म्हातारा होतो, त्याचा हात यंत्रात जातो, तेव्हा त्याला नशिबावर आणि शेजाऱ्याच्या दयेवर सोडायचे नाही, हा या सगळ्यामागचा धागा आहे.

आणि हाच धागा संविधानाच्या ४१ व्या कलमात आला. बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व यांत सरकारी साहाय्य मिळण्याचा हक्क राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत परिणामकारकपणे उपलब्ध करून द्यावा, असे ते कलम सांगते. 'हक्क' हाच शब्द तिथे आहे. हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे, त्यामुळे कोर्टात जाऊन ते थेट मागता येत नाही. पण ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी याचे उत्तर दिले होते. सत्तेवर येणाऱ्याला ही तत्त्वे मोडल्याबद्दल न्यायालयात जाब द्यावा लागणार नाही, पण निवडणुकीच्या वेळी मतदारापुढे तो द्यावाच लागेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. म्हणजे ४१ व्या कलमाचे न्यायालय कोणते? तर आपण. आपणच हा जाब विचारला नाही, तर ते कलम छापील अक्षर होऊन राहते.

आता २०१६ च्या कायद्याकडे येऊ. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि ३ टक्के आरक्षण होते. संसदेने डिसेंबर २०१६ मध्ये नवा कायदा केला, १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. त्यात २१ प्रकार आले. त्यातले २४ वे कलम आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कमी वाचले गेलेले आहे. सामाजिक सुरक्षेच्या योजनेत इतरांना जेवढी मदत मिळते त्यापेक्षा अपंगाला किमान २५ टक्के जास्त मिळाली पाहिजे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. साधी गोष्ट आहे. ज्याला एसटीने जाताना सोबत माणूस न्यावा लागतो, ज्याला कुबडी बदलावी लागते, त्याचा जगण्याचा खर्च जास्त असतो.

महाराष्ट्रात काय झाले पाहा. संजय गांधी निराधार योजना १९८० पासून आहे. २०२३ साली तिचे अनुदान महिना १,००० वरून १,५०० रुपये झाले. निराधाराला १,५०० आणि अपंगालाही १,५००. कायद्याप्रमाणे अपंगाला १,८७५ हवे होते. महिना ३७५ रुपये कमी. २०२५ च्या ऑक्टोबरपासून अपंगांचे अनुदान २,५०० झाले, म्हणून तोपर्यंतची सव्वादोन वर्षे धरली तर माणशी दहा हजारांहून जास्त रक्कम कायद्याने देणे होती आणि दिली गेली नाही. सरकारी वकील म्हणतील, कलमात 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' असे शब्द आहेत. आहेत. पण ते शब्द एकूण किती द्यायचे याला लागू होतात. इतरांना जे द्याल त्यावर सव्वापट, हे प्रमाण आहे, त्यात क्षमतेचा प्रश्न येतो कुठे? या सव्वादोन वर्षांत सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या आमदारांना हे गणित अधिवेशनात मांडता आले असते. गुणाकार चौथीच्या मुलाचा आहे.

२,५०० चा निर्णय कसा झाला, याचे श्रेय ज्याला द्यायचे त्याला द्यावे. अचलपूरचे बच्चू कडू चार वेळा आमदार झाले, मंत्रीही झाले. ते आपल्या चळवळीचे नाहीत, आणि त्यांच्या राजकीय उड्यांविषयी आम्हाला काही ममत्व नाही. कधी या सरकारात तर कधी त्या सरकारात, हे आपण पाहिले आहे. पण अपंगांचा प्रश्न त्यांनी वीस वर्षे सोडला नाही. स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा अपंगांवर खर्च केलाच पाहिजे, यासाठी ते महापालिकांच्या दारात जाऊन भांडले. अपंगांसाठी वेगळा विभाग करा ही मागणी त्यांनी लावून धरली आणि ३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्रात तो विभाग सुरू झाला. २०२४ च्या निवडणुकीत ते पडले. आमदारकी गेल्यावर माणूस घरी बसतो. हे जून २०२५ मध्ये गुरुकुंज मोझरीला अन्नत्यागाला बसले. शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबर अपंगांना महिना ६,००० रुपये द्या, ही त्यांची मागणी होती. सहा हजार मागितले, सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने अडीच हजारांचा निर्णय घेतला. रेटा लावल्याशिवाय सरकार हलत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण रेटा लावणारा माणूस अमरावती जिल्ह्यातला असावा आणि बाबासाहेबांच्या साताऱ्यातला, सांगलीतला एकही नसावा, याचे आम्हाला वाईट वाटते.

कारण संधी सांगलीलाच मिळाली होती, आणि तीही दोन्ही ठिकाणी. रामदास आठवले साहेब कवठेमहांकाळ तालुक्यातल्या आगळगावचे. पँथरमधून आलेले, १९९० मध्ये राज्याचे समाजकल्याण मंत्री झालेले. जुलै २०१६ पासून ते केंद्रात सामाजिक न्याय मंत्रालयाचे राज्यमंत्री आहेत. अपंगांचा विभाग याच मंत्रालयात येतो, आणि २०१६ चा कायदा संसदेत मंजूर झाला तेव्हा ते या मंत्रालयात होते. ही अभिमानाची गोष्ट आहे, नाकारण्याचे कारण नाही. दुसरीकडे मिरज हा अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ. तिथले आमदार सुरेश खाडे २०१९ साली काही महिने राज्याचे सामाजिक न्याय व विशेष सहाय्य मंत्री होते. निराधारांचे अनुदान वाटणारे खाते हेच. म्हणजे एक काळ असा होता की दिल्लीतले खाते आगळगावच्या माणसाकडे आणि मुंबईतले खाते मिरजेच्या माणसाकडे. काही महिन्यांत फार काही होत नाही, हे आम्ही मान्य करतो. पण २४ व्या कलमाची सव्वापट सरकारी निर्णयात लिहून घ्यायला किती महिने लागतात?

आठवले साहेबांना आमचे एक सांगणे आहे, आणि ते आपुलकीने आहे. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना आहे. ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचे कुटुंब असेल तर केंद्र महिन्याला देते ३०० रुपये. २०१२ पासून हा आकडा हललेला नाही. तेव्हा गॅसची टाकी कितीला होती आणि आज कितीला आहे, हे प्रत्येक माऊलीला माहीत आहे. ही योजना ग्रामविकास मंत्रालयाची आहे, आपल्या खात्याची नाही, असे उत्तर मिळेल. ते खरे आहे. पण मग २४ व्या कलमाची राखण करायची कोणी? ज्या मंत्रालयाने कायदा आणला त्याने दुसऱ्या मंत्रालयाला पत्र लिहून विचारायला हवे की नको? साहेबांच्या कवितांवर संसद हसते. त्यांनी एकदा हा ३०० चा आकडा सभागृहात मोठ्याने वाचून दाखवावा, त्यावर कोणाला हसू येते ते पाहू.

पैशाच्या बाबतीत आणखी एक सांगून पुढे जातो. मे २०२५ मध्ये राज्याच्या सामाजिक न्याय खात्याचे चारशे कोटींहून अधिक रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली होती. बहिणींना पैसे द्यायला आमचा विरोध नाही, आमच्याही बहिणी त्यात आहेत. पण दलितांच्या ताटातले काढून वाढायचे आणि दोघांनाही उपकार म्हणून सांगायचे, ही रीत जुनी आहे.

आता घराकडे. २०१६ च्या कायद्याचे ३७ वे कलम म्हणते की घरे आणि शेतजमीन वाटपाच्या सर्व योजनांत ५ टक्के जागा अपंगांसाठी राखून ठेवा, त्यातही अपंग स्त्रियांना प्राधान्य द्या. घरासाठी सवलतीच्या दरात जमीन देतानाही ५ टक्के. आपल्या लोकांसाठी २००८ पासून रमाई आवास योजना आहे, २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना आहे. प्रधानमंत्री आवासमध्ये सपाटीवर १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. साताऱ्याच्या पाटण, जावळीकडे वाळू-सिमेंट डोंगरावर चढवण्याचा खर्च ज्याने केला आहे त्याला विचारा, वरचे दहा हजार कुठे जातात. घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट.

या २६९ फुटांत चाकाची खुर्ची कशी फिरते? खुर्ची जागेवर वळायला साधारण पाच फुटांचे वर्तुळ लागते. संडासाचे दार अडीच फुटांचे ठेवले तर खुर्ची आत जात नाही. आणि उताराचे म्हणाल तर नियम असा आहे की एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार हवा, त्याहून तीव्र असेल तर खुर्ची हाताने चढत नाही, उतरताना उलटते. दीड फूट जोते असेल तर अठरा फूट. आमच्या कार्यकर्त्याच्या तीन फूट जोत्याला छत्तीस फूट. घराची लांबी-रुंदी सोळा-सोळा फूट आणि दारापुढचा उतार छत्तीस फूट! तो बांधायचा कुठे आणि कशातून? घरकुलाच्या अनुदानाचा आकडा तर चालत्या माणसाला आणि न चालणाऱ्या माणसाला सारखाच. म्हणजे ५ टक्के घरे अपंगांच्या नावावर कागदोपत्री दिली, तरी अपंगाला राहता येईल असे घर मिळतेच असे नाही. यादीत नाव आले की प्रश्न सुटला असे अधिकाऱ्याला वाटते, आमदारालाही वाटते, आणि खरे सांगायचे तर पूर्वी आम्हालाही वाटत होते.

त्याआधी जागेचा प्रश्न येतो. आठ-अ चा उतारा नाही म्हणून घरकुल नाही, हे आपल्या वस्त्यांचे जुने दुखणे. दादासाहेब गायकवाडांनी ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह केला तो भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून, आणि झोपडपट्टीतल्या माणसांचा प्रश्नही त्या मागण्यांत होता. वारसांत वाटण्या होताना अपंग भावाचे नाव उताऱ्यावरून गळते, 'त्याला काय करायचंय, आपल्यातच राहणार की' असे म्हणून. अपंग बहिणीचे तर विचारूच नका. परके तर लुबाडतातच, घरचेही लुबाडतात. म्हणून ३७ व्या कलमातली जमीन अपंगाच्या स्वतःच्या नावावर झाली पाहिजे. मिरज आणि फलटण हे दोन्ही राखीव मतदारसंघ आहेत. तिथल्या आमदारांनी आपापल्या पंचायत समितीतून २०१७ नंतरच्या घरकुलांची यादी मागवावी, त्यात अपंग किती, अपंग स्त्रिया किती, आणि किती घरांना उतार आहे, हे तीन रकाने भरून घ्यावेत. तारांकित प्रश्न त्यातून आपोआप तयार होतो.

पुराचेही असेच. कायद्याचे ८ वे कलम सांगते की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या अपंगांची नोंद ठेवावी आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था करावी. २००५, २०१९, २०२१. सांगलीने तीन मोठे पूर पाहिले. २०१९ मध्ये ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली. बहिऱ्या माणसाला भोंगा ऐकू येत नाही आणि आंधळ्याला पाणी उंबऱ्याशी आल्यावरच कळते. आपल्या वस्त्या नदीच्या अंगाला, खालच्या बाजूला का आहेत, हे मनूला विचारायचे. पण नोंदवही कुठे आहे, हे जिल्हाधिकाऱ्यांना विचारायचे. पावसाळ्याच्या आधीच्या आढावा बैठकीत आमदार बसलेले असतात, तिथे बोटी किती आणि जॅकेट किती हे विचारले जाते. त्याच दमात हेही विचारावे.

थोडे शब्दाविषयी. आम्ही या लेखात 'अपंग' लिहिले आहे, 'दिव्यांग' फक्त योजनेच्या नावात. हा शब्द २०१५ च्या शेवटी पंतप्रधानांनी सुचवला आणि सरकारी पाट्या बदलल्या. पण आपल्या समाजाला असल्या शब्दांचा अनुभव आहे. जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत स्थानिक मंडळांच्या विधेयकात अस्पृश्यांना 'हरिजन' म्हणायचे ठरले, तेव्हा दादासाहेब गायकवाडांनी विरोध केला आणि बाबासाहेब आपल्या पक्षाच्या सदस्यांसह सभात्याग करून बाहेर पडले. आम्ही देवाची लेकरे, तर मग बाकीचे कोणाची? दिव्य अंगाचेही तेच आहे. देवाचे नाव दिले की माणसाचा हक्क देण्याची घाई राहत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही २०१९ साली या शब्दावर आक्षेप घेतला. अर्थात, ज्यांना तो शब्द आवडतो त्यांच्याशी आम्ही भांडणार नाही. अनेक अपंग बांधवांना तो 'लंगड्या', 'पांगळ्या'पेक्षा बरा वाटतो, आणि लहानपणापासून काय ऐकून घेतले ते त्यांनाच माहीत.

आता आमच्या स्वतःच्या घराची झाडलोट. २०११ च्या जनगणनेत देशातल्या अनुसूचित जातींमध्ये अपंगांचे प्रमाण २.४५ टक्के निघाले, तर अनुसूचित जाती-जमातींखेरीज इतरांमध्ये २.१८ टक्के. आपल्यात ते जास्त असण्याचे कारण पूर्वजन्मीचे पाप नाही. कुपोषण, उशिरा मिळणारा दवाखाना, गटारीत आणि खाणीत उतरायला लागणारी माणसे, ही कारणे आहेत. महाराष्ट्रात तेव्हा २९ लाखांहून अधिक अपंग होते. म्हणजे ही माणसे आपल्याच वस्तीत आहेत. पण चळवळीत कुठे आहेत? आमच्या विहारांना पायऱ्या आहेत. जयंतीचे स्टेज पाच फूट उंच. वर चढायला लाकडी शिडी. धम्मपरिषदेत बहिऱ्यांसाठी खुणांच्या भाषेत सांगणारा माणूस आम्ही आजवर पाहिला नाही. महिला आघाडी आहे, युवा आघाडी आहे, विद्यार्थी आघाडी आहे. अपंग कार्यकर्त्याला मात्र आम्ही सत्काराला बोलावतो, बैठकीला बोलवत नाही. हे लिहिताना आम्हाला आमच्याच त्या कार्यकर्त्याची आठवण होते. त्याला आम्ही खांद्यावर घेतले, पण कार्यकारिणीत कधी घेतले नाही.

त्याने मात्र आमच्यापुढे एक तोडगा ठेवला आहे, आणि तो आम्हाला पटला. तो म्हणतो, माझ्या एकट्याच्या घराला छत्तीस फुटांचा उतार नको. आमच्या ओळीत सहा घरे आहेत, सगळ्यांची जोती सारखीच उंच. सहाही घरांच्या पुढून एकच कट्टा घ्या आणि गल्लीच्या टोकाला तो हळूहळू उतरवा. म्हातारी माणसे, गरोदर बाया, पाण्याच्या कळशा, सगळ्यांनाच तो होईल. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांवर खर्च करायचेच आहेत, ते दरवर्षी कुठल्या तरी कोपऱ्यात चार डबे, दोन चादरी वाटून संपवतात, त्याऐवजी तीन वर्षांचे एकत्र करून हे बांधा. कमी पडले तर आमदार निधी आहेच.

त्याने तसा लेखी अर्ज दिला आहे. दोन ग्रामसभा झाल्या, विषय इतिवृत्तात आला नाही. पुढच्या ग्रामसभेला तो स्वतः जाणार म्हणतो आणि आम्ही चौघे त्याच्यासोबत जाणार आहोत. ग्रामसभा पंचायतीच्या नव्या सभागृहात भरते. त्याला सात पायऱ्या आहेत.